जाळ्यातून निसटलेला झिंगा जगतो का? उजनीच्या काठावर आठवडाभरात करून पाहायची चाचणी

उजनी धरणाच्या काठावरच्या भिगवणला पहाटे ओढजाळं काठाकडे येऊ लागलं की पाणकावळे आधी हजर असतात. ते जाळ्याच्या पुढे नसतात, मागे असतात. जाळ्याच्या शेपटीकडच्या पिशवीमागे चार-पाच हातांवर बुड्या मारत राहतात. कित्येक वर्षं मी हे पाहिलं आणि विद्यार्थ्यांना कौतुकाने दाखवलं. मात्र पक्षी तिथेच का बुडतात, हे फार उशिरा डोक्यात शिरलं. आसातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, जे बारीक बाहेर पडतं ते तिथेच बाहेर पडतं, आणि ते पाणकावळ्यांना आपल्याआधी कळलेलं असतं.

"मोठ्या आसाचं जाळं वापरा, बारीक माल निघून जाईल आणि वाचेल" हे वाक्य मी वर्गातही सांगितलं आणि काठावरही. त्यातलं 'निघून जाईल' खरं आहे. 'वाचेल' मात्र मोजावं लागतं. पेट्री सुरोनेन यांनी २००५ मध्ये एफएओसाठी (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) ट्रॉल जाळ्यातून, म्हणजे होडीने ओढायच्या जाळ्यातून, निसटणाऱ्या माशांच्या मृत्यूवर सविस्तर अहवाल लिहिला. निसटलेल्यांपैकी काही जण मागाहून मरतात, आणि किती मरतात हे जात, आकार, पाण्याचं तापमान आणि ओढण्याची पद्धत यांवर ठरतं, असं त्यातून दिसतं. झिंगे, खेकडे, शिंपले हे कवचवाले प्राणी माशांपेक्षा चिवट असतात, कारण माशांसारखे त्यांचे खवले निघून जखमा होत नाहीत. पण चिवट असले तरी मरतातच, आणि किती ते आपल्या पाण्यात, आपल्या जाळ्याने, आपणच पाहायला हवं.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवण आहे. एखादं महाविद्यालय, मच्छीमार संस्था किंवा हौशी मंडळी यांना हे आठवडाभरात, फार खर्च न करता जमतं. आम्ही ते कसं केलं, कुठे फसलो आणि तुम्ही कसं करावं, ते क्रमाने लिहितो.

आधी तीन शब्द वेगळे करू

निसटलेले म्हणजे पाण्यातच आसातून बाहेर पडलेले. सोडलेले म्हणजे जाळ्याबरोबर काठावर आले, हवा-ऊन खाल्लं आणि मग परत पाण्यात टाकले गेले ते. राहिलेले म्हणजे बादलीत गेले ते. पहिले दोन लोक हमखास एकत्र करतात. निसटलेल्याला घासटणं आणि दमणं भोगावं लागतं. सोडलेल्याला त्यावर कोरडे पडलेले कल्ले, ऊन आणि दुसऱ्या मालाचं ओझंही भोगावं लागतं. युरोपीय संघाने २०१३ च्या कायद्याने ठराविक जातींचा पकडलेला सगळा माल बंदरावर आणायची सक्ती केली, तेव्हा 'जगण्याचं प्रमाण जास्त आहे असं दाखवा आणि परत सोडायची सूट घ्या' अशी एक खिडकी ठेवली. तिथल्या चाचण्या बहुतेक सोडलेल्यांवरच्या आहेत. आपण इथे निसटलेल्यांचं पाहतोय.

पायरी १ : प्रश्न छोटा करा

'उजनीतल्या कवचधारी जिवांचं काय होतं' हा प्रश्न पीएच.डी.वाल्यांसाठी ठेवा. तुमचा प्रश्न एका ओळीत मावला पाहिजे: अमुक आसाच्या ओढजाळ्यातून निसटलेल्या, २० ते ४० मिलिमीटर लांबीच्या झिंग्यांपैकी सात दिवसांनी किती जिवंत राहतात? एक जाळं, एक जात, एक आकारगट. जात ओळखता येत नसेल तर चार-पाच नमुने जपून आकुर्डीला झेडएसआयच्या (भारतीय प्राणी सर्वेक्षण) पश्चिम विभागीय केंद्रात दाखवा. गोड्या पाण्यातले झिंगे वरवर सगळे सारखे दिसतात. डोक्यावरच्या शिंगाचे दात आणि दुसऱ्या जोडीच्या पायांची लांबी पाहिल्याशिवाय छातीठोक नाव सांगू नये.

पायरी २ : परवानगी, हंगाम, जीव

ज्या पाण्यात मासेमारीचा हक्क ज्यांचा आहे त्यांची लेखी परवानगी घ्या आणि मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा. काठावरच्या माणसाला विश्वासात घेतलं नाही तर तुमचे पिंजरे तिसऱ्या दिवशी जागेवर नसतील, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. पाणी थंड असतं, धरण भरलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये उजनी 'मायनस'मध्ये जाते, काठ अर्धा किलोमीटर सरकतो आणि गुडघाभर चिखलातून डबे वाहताना विज्ञान बाजूला राहतं. बारीक पिल्लंही उचलणाऱ्या, बंदी असलेल्या वडाप जाळ्यांच्या आसपास चाचणी लावू नका. प्रश्न भलतीकडे जातो आणि भांडण तुमच्या अंगावर येतं.

होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. पाणी शांत दिसतं म्हणून जॅकेट बुडाखाली घेऊन बसणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना काठावर ठेवा, वहीत नोंदी करायला.

पायरी ३ : आस मोजा

इथे निम्मे लोक चुकतात. आस मोजायची ती ताणून: एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत. म्हणजे '४० मिलिमीटर आस' म्हटलं की भोकाची एक बाजू २० मिलिमीटर. पट्टीवर ४० वाचून 'एवढ्यातून तर मोठा झिंगासुद्धा जाईल' असं म्हणू नका. ओल्या जाळ्याचे सलग दहा आस ताणून मोजा, दहाने भागा, आणि हे तीन ठिकाणी करा. नवं जाळं दुकानात सांगतात तेवढं भरेलच असं नाही, आणि जुनं जाळं आकसलेलं असतं.

दुसरी गोष्ट आकाराची. आपली नेहमीची शंकरपाळी आस ओढताना ताण आला की मिटते. शंकरपाळीची चपटी चिंधी होते आणि बारीक माल आतच दाबला जातो. तीच जाळी ४५ अंशांत फिरवून शिवली की भोक चौकोनी उघडं राहतं. सिंधुदुर्गात यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) प्रकल्पात ट्रॉलरवाल्यांना ४० मिलिमीटरची चौकोनी आस दिली होती, ती याच हिशोबाने. तुमच्या चाचणीत शंकरपाळी आणि चौकोनी अशा दोन पिशव्या घेता आल्या तर उत्तम, पण पहिल्या वर्षी एकच घ्या.

पायरी ४ : पिशवीवर पिशवी

निसटलेले पकडायचे कसे? जाळ्याच्या शेवटच्या पिशवीवर (कोकणात डोल जाळ्याच्या या भागाला खोला म्हणतात) बाहेरून बारीक जाळीचं दुसरं आवरण चढवायचं. आतल्या आसातून जे सुटेल ते आवरणात येईल. आवरण आतल्या पिशवीच्या दीडपट लांब आणि दीडपट रुंद ठेवा. ते आतल्या पिशवीला चिकटलं तर भोकं बुजतात आणि कुणी निसटतच नाही. म्हणून मध्ये रिंगा लागतात. आम्ही ठिबकच्या २० मिलिमीटर नळीच्या रिंगा केल्या. इंदापूर भागात उसाच्या बांधावर अशी नळी मागितली की मिळते.

आवरणात अडकलेला झिंगा जाळ्याबरोबर फरफटत राहतो. तो आसातून निघताना मेला की तुमच्या आवरणात घासून मेला, हे मग कळत नाही. म्हणून आवरणाचं शेवटचं तोंड उघडं ठेवूनच जाळं ओढायचं आणि अखेरची पाच मिनिटं उरली की होडीतून दोरी खेचून तोंड आवळायचं. दोरीला सरकफास ठेवा आणि काठावर दोनदा सराव करा. आमच्या पहिल्या ओढीत फास रिंगेत अडकला आणि आवरणात फक्त एक प्लॅस्टिकची चप्पल आली.

जाळं काठाला आलं तरी आवरण पाण्याबाहेर काढायचं नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याचं तोंड बुडवलेल्या टबात उघडा. झिंग्याला हवा लागली की तो 'निसटलेला' राहिला नाही, 'सोडलेला' झाला.

पायरी ५ : तुलनेचे झिंगे

लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही पायरी गाळू नका. निसटलेल्या ३० झिंग्यांबरोबर, जाळ्यात कधीच न गेलेले ३० झिंगे तशाच डब्यांत, त्याच पाण्यात, तेवढेच दिवस ठेवायचे.

ते कसे मिळवायचे? आदल्या संध्याकाळी बाभळीच्या फांद्यांचा भारा बांधून काठालगत बुडवून ठेवा. रात्री झिंगे आसऱ्याला शिरतात. सकाळी भाऱ्याखाली पाण्यातच बारीक जाळीचं सूप सरकवा, भारा हळूच हलवा आणि सुपात उतरलेले झिंगे पाण्यासकट टबात घ्या. ओढाताण नाही, घासाघीस नाही.

आता फजिती. पहिल्या वर्षी मला हे तुलनेचं प्रकरण शोभेचं वाटत होतं. विद्यार्थ्यांनी हट्ट धरला म्हणून ठेवले. डब्यांना आतून अस्तर हवं होतं. घरात एक जुनी मच्छरदाणी पडली होती, ती कापून शिवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे उघडले तर निसटलेले सगळे पाठीवर पडलेले, शेपट्या दुधाळ झालेल्या. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहायला निघालो की आसातून निसटलेला एकही झिंगा जगत नाही. मग एका मुलीने दुसरे डबे उघडले. तुलनेचेही सगळे मेलेले होते.

मच्छरदाणी औषधी होती. सरकारी वाटपातल्या टिकाऊ मच्छरदाण्यांच्या धाग्यात पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक असतं. डासाला मारायला ते लागतं थोडंसं, झिंग्याला मारायला त्याहूनही फार लागत नाही. डास आणि झिंगा दोघेही संधिपादच (सांध्यांच्या पायांचे प्राणी), चुलतभावंडंच म्हणा. तुलनेचे झिंगे नसते तर तो खोटा निष्कर्ष मी मोठ्या विश्वासाने दोन-चार व्यासपीठांवर सांगून आलो असतो.

तेव्हा अस्तरासाठी बिनऔषधी नायलॉनची जाळी घ्या, विकत घेताना विचारा आणि तरीही दोन दिवस पाण्यात भिजवून धुऊन घ्या. त्याच यादीत आणखी काही: तांब्याचं घंगाळ, तांब्याची तार, माशांच्या टाकीत घालायची तांबंयुक्त औषधं. तांबं कवचवाल्यांना विषच. हातांना डास न चावण्याचं मलम लावून टबात हात घालू नका. आणि पुण्याहून नळाचं पाणी कॅनमधून नेऊ नका. नेलंच तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन घाला. मुळात तिथलं पाणी तिथे असताना ते नेण्याचं कारण काय, हा आधीचा प्रश्न.

पायरी ६ : वीस सेकंदांची तपासणी

टबातून झिंगा पाण्यासकट पांढऱ्या ताटात घ्या. एका झिंग्याला वीस सेकंद. पाच गोष्टी पाहायच्या, प्रत्येकीला एक गुण:

शेपटीला मऊ ब्रश लावला की मागे उडी घेतो का?
पोटाखालची वल्ही हलताहेत का?
मिशीला स्पर्श केला की ती मागे घेतो का?
पाठीवर उताणा केला तर स्वतःहून सरळ होतो का?
दोऱ्याचा तुकडा पायांत दिला तर धरतो का?

ही कल्पना माझी नाही. अलास्काच्या बाजूला बेरिंग समुद्रातल्या खेकड्यांवर अमेरिकी संशोधकांनी २००८ च्या सुमारास अशाच प्रतिक्षिप्त हालचाली तपासल्या: डोळे आत घेणं, नांगी मिटणं, तोंडाची झडप बंद करणं, पाय ओढून घेणं. जितक्या हालचाली हरवलेल्या, तितकी मरण्याची शक्यता जास्त, असं त्यांना आढळलं. याचा फायदा मोठा आहे. एकदा तुमच्या जाळ्यासाठी गुण आणि मृत्यू यांचं नातं बसलं की पुढच्या वर्षी आठवडाभर थांबायला नको. ताटातले गुण बघून बऱ्यापैकी अंदाज येतो.

पण एक जपा. उडी हा झिंग्याचा ओळीने काही वेळाच करता येणारा पराक्रम आहे. जाळ्याला चुकवताना त्याने बऱ्याच उड्या मारलेल्या असतात, स्नायूतली तयार शक्ती संपलेली असते. त्याला तेव्हा शून्य मिळालं तर तो मरणारच असं नाही, दमलेलाही असेल. तासाभराने पुन्हा बघा आणि दोन्ही गुण लिहा.

ताट उजेडाकडे धरलं की शेपटीचा स्नायूही दिसतो. निरोगी झिंग्याची शेपटी काचेसारखी असते, आतलं काळं आतडं आरपार दिसतं. शेवटच्या एक-दोन वलयांपासून पांढुरका ढग चढायला लागला असेल तर स्नायू मरतोय. हा ढग वर सरकलेला झिंगा पाचव्या दिवसापर्यंत टिकलेला मी क्वचित पाहिला.

लांबी व्हर्नियरने मोजा, शिंगाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. शिंग मोडलेलं असेल तर डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या ढालीच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी घ्या. खरं तर तीच नेहमी घेतलेली बरी. वहीतली ओळ अशी: 'नि-१४. ढाल ९ मिमी. गुण २, तासाने ४. डावी मिशी तुटकी. ढग नाही.'

पायरी ७ : एकेकाला एकेक खोली

झिंगे एकत्र ठेवले की एकमेकांना खातात, विशेषतः नुकती कात टाकलेल्या मऊ झिंग्याला. मग मेला जाळ्याने की शेजाऱ्याने? स्ट्रॉबेरीचे भोकांचे प्लॅस्टिक डबे जानेवारीत पुण्यात गल्लोगल्ली मिळतात, तेच वापरा. आतून जाळीचं अस्तर, झाकणावर दोन रबरबँड आणि बाजूला न पुसणाऱ्या पेनाने आकडा. निसटलेले आणि तुलनेचे डबे सरमिसळ करून लावा, एक गट एका बाजूला नको. तपासणाऱ्याला कुठला डबा कुठला हे माहीत नसलं तर फारच चांगलं. आपला डोळा आपल्या मताकडे झुकतो.

डबे दुधाच्या क्रेटमध्ये बांधा, क्रेट वीस लिटरच्या बंद कॅनला टांगा आणि मीटर-दीड मीटर खोल सोडा. वर ऊन तापवतं. ३० अंशाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशाला नऊच्या वर. खाली थंडाव्यात जीव सुखी राहतो, पण अगदी तळाशी गाळात टेकवू नका. दोरीला मोकळीक ठेवा. उजनीची पातळी आठवड्यात चांगलीच उतरू शकते.

झिंगे पुण्याला आणून टाकीत ठेवायचा मोह होतो. आणू नका. अडीच-तीन तास हिंदकळत आलेल्या जिवाचं मरण तुम्ही जाळ्याच्या खात्यावर कसं लिहिणार?

पायरी ८ : सात दिवस

पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ, मग रोज सकाळी एकदा. ओढाताणीने मरणारे बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत जातात. जखम चिघळून मरणारे नंतर. म्हणून सात दिवस ही खालची मर्यादा. सहाव्या-सातव्या दिवशीही कुणी मरत असेल तर आणखी थांबायचं.

मेला कधी म्हणायचा? ढालीखाली कल्ल्यांपाशी एक चिमुकला पंखा सतत फडफडत असतो, भिंगातून तो दिसतो. स्पर्शाला हालचाल नाही आणि मिनिटभर पंखाही थांबलेला, तर मेला. आणि सांभाळा, कात म्हणजे मढं नाही. झिंगा कात टाकतो ती हुबेहूब झिंगाच दिसते, मिश्या-पायांसकट. उचलली की हलकी, डोळ्यांच्या जागी रिकामी काच. मालक अस्तराच्या घडीत मऊ होऊन बसलेला असतो. आमच्या वहीत एक झिंगा मंगळवारी मेला आणि गुरुवारी जिवंत झाला, तो असाच.

डब्यातून पळालेला झिंगा जिवंतात धरू नका, मेल्यातही धरू नका. 'त्या दिवसापर्यंत जिवंत, नंतर बेपत्ता' असं लिहा. दिवसाआड मत्स्यालयाच्या खाद्याचा एक दाणा द्या, उरलेला काढून टाका. सकाळी सात आणि दुपारी तीनचं पाण्याचं तापमान लिहा.

पायरी ९ : हिशोब

समजा निसटलेल्या ३० पैकी २१ जगले, म्हणजे ७० टक्के. तुलनेच्या ३० पैकी २७, म्हणजे ९० टक्के. डब्यात ठेवण्यानेच १० टक्के गेले. तेव्हा जाळ्यातून निसटण्यापुरतं जगण्याचं प्रमाण ७० भागिले ९०, साधारण ७८ टक्के. तुलनेच्या गटात जगण्याचं प्रमाण ८० टक्क्यांखाली गेलं तर मी तो आठवडा सरळ रद्द करतो. तेव्हा चाचणी झिंग्यांची झालेली नसते, आपल्या डब्यांची झालेली असते.

आकडा सांगताना त्याची रुंदीही सांगा. ३० पैकी २४ जगले तर ८० टक्के लिहिता येतं, पण एवढ्या नमुन्यावर खरं प्रमाण साधारण ६३ ते ९० टक्क्यांत कुठेही असू शकतं. तीसच्या तीस जगले म्हणून 'कुणीच मरत नाही' असंही नाही, दहा टक्क्यांपर्यंत मरत असले तरी असा योग येऊ शकतो. सगळे तीस एका ओढीतले घेऊ नका. तीन दिवस, तीन ओढी, प्रत्येकीतून दहा. एका ओढीत जाळ्यात दगड आला तर त्या दहांचं नशीब सारखंच असतं.

आणि पाणकावळे. तुमच्या डब्यात पाणकावळा येत नाही, चिलापी येत नाही. बाहेर दमलेला, उडी हरवलेला झिंगा पहिल्या मिनिटांतच कुणाच्या तरी चोचीत जातो. म्हणून डब्यातला आकडा ही वरची मर्यादा समजा: 'फार फार तर एवढे जगतात.' अहवालात हे वाक्य आकड्याच्या शेजारी लिहा, शेवटच्या पानावर नको. शक्य असेल तर जाळ्यामागच्या पट्ट्यात दर मिनिटाला किती बुड्या पडतात तेही काठावरच्या जॅकेटवाल्यांना मोजायला लावा.

खेकडे आणि शिंपले असतील तर

खेकडा संकटात स्वतःहून पाय किंवा नांगी तोडून टाकतो आणि पुढच्या कातींबरोबर ती परत वाढवतो. म्हणून तुटलेला पाय म्हणजे मरण नव्हे, पण नोंद करा. दोन्ही नांग्या गेलेला बारका खेकडा डब्यात जगेल, बाहेर खाईल काय आणि लढेल कसा? समुद्रातल्या चिंबोऱ्यांची पिल्लं अळीरूपात तरंगत फिरतात. आपल्या घाटातल्या, धरणातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांत तसं नसतं. अंड्यातून थेट चिमुकला खेकडा निघतो आणि आई त्यांना पोटाच्या झडपेखाली घेऊन हिंडते. पिल्लं असलेली मादी जाळ्यात झटकली की पिल्लं सांडतात, आणि ती आसातून 'निसटली' असं आपण समाधानाने म्हणतो. अशी मादी चाचणीला घेऊ नका. जाळ्याची कड पाण्यात बुडवा आणि तिला स्वतःहून चालत जाऊ द्या. पावसाळ्यात मुळशी-मावळात बॅटरी घेऊन खेकडे धरायला जाणाऱ्यांनीही झडप उचकटून बघण्याची हौस आवरावी.

शिंपल्यांची परीक्षा सर्वांत सोपी आणि मला सर्वांत आवडणारी. टबात चार बोटं ओली वाळू, वर पाणी, त्यात शिंपला आडवा ठेवा आणि घड्याळ लावा. थोड्या वेळाने फट उघडते, पांढरट पाय जिभेसारखा बाहेर येतो, वाळू चाचपतो, मग एकेक हिसका देत शिंपला उभा होऊन रुतायला लागतो. अर्धा रुतेपर्यंतचा वेळ लिहा आणि तुलनेच्या शिंपल्यांशी ताडून पाहा. जो रुतत नाही तो वर पडून राहतो आणि पक्ष्यांना सापडतो. कडेचा टवका शिंपला स्वतः भरून काढतो. बिजागरीपाशी तडा गेला असेल तर आशा कमी. स्पर्श करूनही फट मिटत नसेल तर तो गेलेला.

गणेश पेठेतून थोडंसं

पुण्यातले बहुतेक वाचक उजनीपेक्षा गणेश पेठेच्या मासळी बाजारातच कवचवाल्यांना भेटतात, म्हणून एवढंच. कोकणच्या शेवंडीला (लॉबस्टरला) निर्यातीसाठी २००३ पासून वजनाची खालची मर्यादा आहे: आपल्याकडच्या चिखली शेवंडीला ३०० ग्रॅम. ही मर्यादा निर्यातीची, पण घरगुती खरेदीला मोजमाप म्हणून वापरायला काही हरकत नाही. शेपटीखाली केशरी अंड्यांचा घोस असलेली मादी घेऊ नका. मुंबईच्या समुद्रातल्या चपट्या वाळू-शेवंडीचा धंदा १९९४ पर्यंत कोसळला तो बेसुमार मासेमारीने. कोवळी शेवंड जाळ्यातून सुटली काय, न सुटली काय, काट्यावर तिला भाव मिळत राहिला तर आस मोठी करायला कुणाला सांगणार?

शेवटचं काम

आठव्या दिवशी जिवंत झिंगे जिथून घेतले तिथेच, सूर्य मावळल्यावर सोडा, म्हणजे पक्षी नसतात. क्रेट, दोऱ्या, रबरबँड मोजून परत घ्या. मग अहवालाचं एक पान करा, एकच, मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि ज्यांच्या जाळ्यावर हे सगळं केलं त्यांना आधी वाचून दाखवा.

आमचं पान भिगवणच्या मामांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. टक्केवारीवर ते काही बोलले नाहीत. बोट ठेवलं ते 'ओढ : वीस मिनिटं' या ओळीवर. "बारा मिनिटांत काढलं तर?" म्हणाले. "तेवढ्यात झिंगं दमायचं न्हाई." पुढच्या जानेवारीत आम्ही तेच लावलं, वीसविरुद्ध बारा. डबे तेच, रिंगा नव्या, आणि अस्तराची जाळी मी दुकानात उभं राहून तीनदा विचारून घेतली.